मंडळी पाठीशी, निर्णय आपला

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या ख्रिस्ती घरात मुलाला किंवा मुलीला परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं, की रविवारच्या उपासनेनंतर ती बातमी मंडळीभर होते. पाळक प्रार्थना करतात, कुणी तिकडे असलेल्या भाच्याचा नंबर देतं, कुणी ओळखीच्या एजंटाचं नाव सुचवतं. हा आधार खरा आहे आणि पुढे फार उपयोगी पडतो. पण या गडबडीत एक गल्लत होते. मंडळी आपल्याला माणसं देते. कागद, पैसा आणि निर्णय आपले आपल्यालाच उभे करावे लागतात. या दोन गोष्टी ज्या घरात वेगळ्या ठेवल्या जातात, तिथलं मूल परदेशात लवकर रुळतं.

ही वाट आपल्या लोकांनी आधी चाललेली आहे

पंडिता रमाबाई 1883 मध्ये लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या. प्रवासाचा पैसा त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा केला होता. त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना वैद्यक शिकायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्यानं ते जमलं नाही. त्या खचल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकल्या, तिथेच संस्कृतही शिकवलं आणि परत आल्यावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. विषय बदलला, हेतू बदलला नाही. वाँटेजच्या ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशी धर्ममतांवर त्या पत्रांतून रोखठोक वाद घालत राहिल्या आणि शाकाहारही त्यांनी सोडला नाही. उपकारांची जाणीव ठेवूनही आपलं डोकं आपल्याच खांद्यावर कसं ठेवावं, हे त्यांच्याकडून शिकावं.

दुसरं उदाहरण नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचं. ख्रिस्ती घर, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं शिक्षण. परीक्षेत पहिल्या येऊनही इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळाली नाही, कारण त्या स्त्री होत्या. तिकडच्या हितचिंतकांनी पैसा जमवला आणि 1889 मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या. 1892 मध्ये कायद्याची बीसीएल परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हातात पडायला 1922 उजाडलं. माणसांनी पैसा उभा करून दिला, पण परीक्षा त्यांची त्यांनाच द्यावी लागली.

कागद: नाव एकच, जिल्हा कोणता?

ख्रिस्ती घरांत हमखास आढळणारी अडचण नावाची आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं, आधारवर आडनावच गायब. पासपोर्ट काढण्याआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. बाप्तिस्म्याचा दाखला घरातला मौल्यवान कागद आहे, पण तो महापालिका-नगरपालिकेच्या जन्मदाखल्याची जागा घेत नाही. दुरुस्ती करायची ती आत्ता. व्हिसाचा अर्ज भरताना नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्याच भागाची. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. त्यामुळे जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा, नव्यांवर पांढुर्णा. यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र सगळ्या नव्या अर्जांत पत्ता एकाच पद्धतीनं लिहा आणि जिल्हा बदलल्याच्या सरकारी अधिसूचनेची प्रत फाइलमध्ये असू द्या. पासपोर्टसाठी भोपाळचीच वाट धरायला हवी असं नाही. 2018 पासून देशातल्या कुठल्याही पासपोर्ट कार्यालयाची निवड करता येते, म्हणजे नागपूरही चालतं. पोलीस पडताळणी तुमच्या अर्जातल्या पत्त्यावर होते.

शिफारसपत्रांकडेही नीट पाहा. विद्यापीठाला हवं असतं ते शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं पत्र. पाळकांचं पत्र चर्चशी संबंधित शिष्यवृत्तीला चालेल, इतरत्र नाही. पण मंडळीत केलेलं काम आपल्या हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) जरूर लिहा. संडे स्कूलचे वर्ग घेतले असतील, गायनमंडळाचा सराव सांभाळला असेल, नाताळच्या कार्यक्रमाचा हिशोब ठेवला असेल, तर काय केलं ते नेमकं सांगा. ‘सेवाभावी वृत्ती’ एवढ्या मोघम शब्दांचं वजन पडत नाही.

पैसा: संत्र्याचा हंगाम आणि फीची तारीख

युरोपातली बहुतेक सत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतात. म्हणजे फीची आगाऊ रक्कम, विमा आणि खात्यात दाखवायचा पैसा मे ते ऑगस्टमध्ये लागतो. आपल्याकडे संत्र्याच्या मृग बहाराचा पैसा उन्हाळ्याच्या तोंडाशी येऊन खर्चून जातो आणि आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो. नेमक्या गरजेच्या महिन्यांत हात रिकामे असतात आणि मग सावकाराकडे पाऊल वळतं. म्हणून कर्जाची बोलणी निदान सहा-आठ महिने आधी सुरू करा. शेतजमीन परदेशी शिक्षणाच्या कर्जाला तारण म्हणून घ्यायला बँका सहसा राजी नसतात. घर किंवा बिगरशेती प्लॉट आहे का, तो कुणाच्या नावावर आहे, हे आधी बघा. ‘विद्यालक्ष्मी’ पोर्टलवर अनेक बँकांकडे एकाच ठिकाणाहून अर्ज करता येतो. कर्जाच्या व्याजावर आयकरात जुन्या करप्रणालीत सवलत मिळते.

अल्पसंख्याक म्हणून काय मिळतं, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. ख्रिस्ती समाज केंद्रानं अधिसूचित केलेल्या अल्पसंख्याकांत येतो. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना मात्र 2022 मध्ये बंद झाली. तिच्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर सावध व्हा. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ कमी व्याजाचं शिक्षणकर्ज राज्यातल्या संस्थेमार्फत देतं. आपल्या राज्यात ते सध्या कुणामार्फत मिळतं, याची चौकशी जिल्ह्याच्या अल्पसंख्याक कल्याण कार्यालयात करा.

अनुसूचित जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. त्यामुळे गोंड किंवा इतर आदिवासी कुटुंबातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जातींचं तसं नाही. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ही गोष्ट अनेक घरांना बोचते, पण अर्ज भरताना ती स्पष्ट माहीत असायला हवी. चुकीच्या रकान्यात भरलेला अर्ज पुढे महागात पडतो.

गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्यांना धर्म लागत नाही. ब्रिटनची चेव्हनिंग, जर्मनीची डाड, युरोपीय संघाची इरास्मस मुंडस, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू. चेव्हनिंग आणि फुलब्राइटच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीला कामाचा अनुभव लागतो. म्हणून पदवीनंतर दोन-तीन वर्षं नोकरी करून मग गेलेला विद्यार्थी मागे पडला, असं समजू नका.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, पण राहण्याखाण्याचा एक वर्षाचा पैसा ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधी भरावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो होती. अर्ज करताना ताजा आकडा पाहा. भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही घ्यावं लागतं. बारावीनंतर थेट प्रवेश बहुतेकांना मिळत नाही. इथली पदवी करून पदव्युत्तर शिक्षणाला जाणं आपल्या भागातल्या मुलांना अधिक सोयीचं ठरतं.

विश्वासी एजंट आणि विश्वासार्ह कागद

‘आपलाच माणूस आहे, चर्चला येतो’ हा एजंट निवडण्याचा निकष होऊ शकत नाही. चांगला माणूससुद्धा चुकीची माहिती देतो, आणि वाईट माणूस नेमका याच विश्वासाचा फायदा घेतो. पडताळणी अवघड नाही. कॅनडातली संस्था सरकारच्या ‘डीएलआय’ यादीत हवी, ऑस्ट्रेलियातला अभ्यासक्रम ‘क्रिकोस’ नोंदणीत, ब्रिटनचं विद्यापीठ गृहखात्याच्या विद्यार्थी-प्रायोजकांच्या यादीत. बायबल कॉलेज असलं तरी हेच नियम लागू. फी विद्यापीठाच्या खात्यातच भरा, व्यक्तीच्या नव्हे. पोर्टलचा पासवर्ड विद्यार्थ्याकडेच असू द्या. बँक खात्यात उसना पैसा दाखवणं किंवा बनावट अनुभवपत्र जोडणं यातून व्हिसा तर नाकारला जातोच, शिवाय पुढची वर्षानुवर्षं दारं बंद होऊ शकतात.

पहिलं सत्र: तासांचा हिशोब

आपल्याकडचं मूल घरात मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेपुरतं इंग्रजी घेऊन वाढतं. तीन भाषा सांभाळायची सवय ही ताकद आहे, पण पन्नास मिनिटांचं इंग्रजी व्याख्यान ऐकून टिपणं काढणं वेगळं कौशल्य आहे. निघण्याआधी काही महिने रोज आपल्या विषयाचं एक व्याख्यान ऐका आणि त्याचा सारांश दहा ओळींत हातानं लिहा.

तिथे वर्गातले तास कमी दिसतात आणि मुलं फसतात. ब्रिटनमधली एक वर्षाची मास्टर्स पदवी 180 क्रेडिटची असते आणि एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे वर्षाला 1800 तास. आठवड्याला वीस तास काम करण्याची परवानगी मिळते म्हणून पहिल्याच आठवड्यापासून वीस तास काम धरणारा विद्यार्थी निबंधांच्या तारखांपाशी कोसळतो. पहिल्या सत्रात काम थोडंच घ्या, किंवा घेऊच नका. तेवढा पैसा घरूनच नियोजनात धरा. आणि पुस्तकातलं वाक्य स्रोत न देता उतरवणं तिथे चोरी मानलं जातं. संदर्भ कसे द्यायचे, हे ग्रंथालयाच्या पहिल्याच कार्यशाळेत शिकून घ्या. समजलं नाही तर प्राध्यापकांच्या ठरलेल्या वेळेत जाऊन विचारा; तिथे हा उद्धटपणा नसतो, अपेक्षाच असते.

तिथलं चर्च

आपल्या भागातली मुलं प्रार्थनेत, गाण्यात, एकत्र जेवणात वाढलेली असतात. ती सवय परदेशातल्या एकटेपणावर उत्तम उतारा आहे. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत चॅपलन्सी, म्हणजे विद्यापीठातल्या पाळकाचं (चॅपलनचं) केंद्र असतं. जर्मनीच्या विद्यापीठगावांत प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांची ईएसजी आणि कॅथलिक विद्यार्थ्यांची केएचजी ही केंद्रं असतात. तिथे स्वयंपाक, गप्पा आणि अडीअडचणीला सल्ला मिळतो. पहिल्याच पंधरवड्यात तिथे जा.

जर्मनीत एक कागद नीट वाचा. राहण्याचा पत्ता नोंदवताना अर्जात धर्माचा रकाना येतो. छिंदवाड्याला मुख्यालय असलेल्या आपल्या लुथरन चर्चमधला विद्यार्थी तिथे सहज ‘प्रोटेस्टंट’ लिहितो. या नोंदीवरून पुढे आयकर भरण्याइतकी कमाई झाली, की त्या कराच्या 8 किंवा 9 टक्के चर्चकर पगारातून कापला जातो. विद्यार्थ्याच्या छोट्या कामावर तो सहसा लागत नाही, नोकरी लागल्यावर लागतो. खरं तेच लिहा, पण त्याचा अर्थ माहीत करून लिहा.

नाताळची आखणी नोव्हेंबरातच करा. वसतिगृह रिकामं होतं, चार वाजता अंधार पडतो आणि ब्रिटनमध्ये 25 डिसेंबरला रेल्वे जवळपास बंदच असते. चर्चमधल्या एखाद्या कुटुंबानं जेवायला बोलावलं तर संकोच न करता जा. पोचायचं कसं ते आदल्या दिवशी ठरवा.

एक इशाराही द्यायला हवा. एकट्या परदेशी विद्यार्थ्यांना हेरणारे काही कडवे धार्मिक गट विद्यापीठांभोवती असतात. जो गट घरी फोन करू नको म्हणतो, पैशाचा दबाव आणतो, अभ्यास सोडून सतत सभांना बोलावतो किंवा प्रश्न विचारले की रागावतो, तिथून उठून या आणि चॅपलनला सांगा. आणि फक्त आपल्याच लोकांत राहू नका. प्रयोगशाळेतला चिनी सोबती आणि खोलीशेजारची नायजेरियन मुलगी यांच्याशी झालेली मैत्रीही तेवढीच कामाची असते.

आईवडिलांसाठी

रोजच्या फोनची वेळ ठरवा, पण उत्तर आलं नाही तर मंडळीभर काळजी पसरवू नका. मुलाकडून चार गोष्टी लेखी घ्या: राहण्याचा पत्ता, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा फोन, विम्याचा क्रमांक आणि तिथल्या एका मित्राचा नंबर. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्याची नोंदणी करा. मार्क कमी पडले, विषय झेपत नाही, मन लागत नाही, हे मुलानं सांगितलं तर आधी ऐकून घ्या. ‘एवढा पैसा लावला’ हे वाक्य त्या फोनवर टाळा, कारण ते ऐकलं की पुढच्या वेळी मूल खरं सांगत नाही. विषय बदलणं किंवा एखादं सत्र जास्त लागणं म्हणजे अपयश नव्हे.

मंडळीकडे तुम्ही प्रार्थना मागाल, मागा. त्याबरोबर शिकून स्थिरावलेल्या मोठ्या मुलामुलींना वर्षातून एकदा बोलावून त्यांचे अर्ज, खर्च आणि चुका पुढच्यांसमोर मांडायला सांगा. पांढुर्णा-सौंसरच्या मंडळीत असा एक रविवार दरवर्षी ठरला, तर पुढच्या मुलाला अनोळखी एजंटाचं दार ठोठावावं लागणार नाही.