एसी घेण्याआधी पंख्याचा हिशोब करा

बीडमध्ये गाळा भाड्याने घेऊन ऑफिस टाकताय? मग भाड्यासोबत लाईटबिलही खर्चात धरा. गिऱ्हाईक येवो न येवो, बिल येणारच. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

चला, वहीत मांडू. साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. चार पंखे, रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस: साध्याला ७८ युनिट, बीएलडीसीला साधारण ३१. वाचले ४७! युनिटचा दर १० रुपये धरला तर महिन्याला ४७० रुपये. तुमचा खरा दर बिलावर बघा. चार पंख्यांच्या जादा किमतीला या बचतीने भागा. पैसे किती महिन्यांत वसूल, लगेच कळेल.

एसी आधीच बसवलाय? २४ वर ठेवा. नव्या स्टारवाल्या एसीत २०२० पासून सुरुवातीचं सेटिंग २४ च असतं. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. धुळीने हवा अडली की मशीन जास्त वेळ चालतं. वरचा मजला असेल तर उन्हाळ्याआधी स्लॅबवर पांढरा चुना मारा, स्लॅब कमी तापतो.

आधी स्वस्तातले उपाय, मग पंखे, शेवटी नवा एसी. हा क्रम चुकला की धंद्याचं भांडवल भिंतीवर अडकलं समजा!