कॅरिबियन बेटावर दुकान टाकायचंय? आधी बारा महिन्यांचं गणित मांडा



समुद्र, क्रूझ जहाजं, डॉलर खर्च करणारे पर्यटक. असं चित्र बघून बऱ्याच जणांना वाटतं, चला, तिकडेच दुकान टाकू. आज आपण सिंट मार्टेन या बेटाचं उदाहरण घेऊन हा निर्णय तपासू.

बेट एकच, कारभार दोन. उत्तरेचा भाग फ्रान्सचा, दक्षिणेचा नेदरलँड्सच्या राज्यातला. डच भागाची राजधानी फिलिप्सबर्ग. तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर दागिने, घड्याळं, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत आणि त्यातली बरीच भारतीयांची, विशेषतः सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. इंग्रजी सगळीकडे चालते, डॉलर चालतो, मालावर आयात शुल्क नाही. मग अडचण कुठे आहे?

मुद्दा 1: टॅक्स नफ्यावर नाही, विक्रीवर

डच भागात 5 टक्के टर्नओव्हर टॅक्स आहे. आपल्या जीएसटीसारखं खरेदीवरचं क्रेडिट मिळेल असं धरू नका. समजा, 80 डॉलरची वस्तू तुम्ही 100 ला विकली. मार्जिन 20. त्यातले 5 गेले, उरले 15. म्हणजे भाडं द्यायच्या आधीच पाव मार्जिन संपलं! नफ्यावरचा कर पुन्हा वेगळा.

मुद्दा 2: कमाई सीझनची, खर्च बारमाही

हा आजचा मुख्य धडा. गर्दी साधारण डिसेंबर ते एप्रिल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इतका शुकशुकाट असतो की काही हॉटेलं चक्क बंद ठेवतात. आता वही काढा. आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत लक्षात घ्या.

- भाडं, पगार, वीज, घरखर्च: महिना 6,000 डॉलर, वर्षाचे 72,000.
- मंदीच्या 8 महिन्यांत माल आणि टॅक्स वजा जाता हातात महिना 3,000. एकूण 24,000.
- उरलेले 48,000 सीझनच्या 4 महिन्यांत काढायचे. म्हणजे महिना 12,000.
- 100 च्या विक्रीत 15 सुटतात, म्हणून सीझनमध्ये दरमहा 80,000 डॉलरची विक्री हवी.

आणि एवढं करून नफा किती? शून्य. फक्त खर्च भागला! टॅक्स विसरून 20 टक्क्यांनी हिशोब केला असता, तर उत्तर 60,000 आलं असतं आणि तुम्ही खूश होऊन करार करून बसला असता.

म्हणून दुकान सीझनच्या तोंडावर उघडा आणि मंदीचा खड्डा भरायचे पैसे (इथे 24,000) भांडवलातून आधीच बाजूला काढा.

मुद्दा 3: वादळ

वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. 6 सप्टेंबर 2017 ला 'इर्मा' हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ थेट या बेटावरून गेलं. विमानतळाची टर्मिनल इमारत पूर्ववत व्हायला कित्येक वर्षं लागली. विमानं नाहीत तर गिऱ्हाईक नाही! त्यामुळे पॉलिसी घेताना तीन प्रश्न विचारा: वादळाचं कव्हर आहे का? नुकसानीतला किती हिस्सा माझा? धंदा बंद राहिला तर उत्पन्नाची भरपाई मिळेल का?

मुद्दा 4: कागदपत्रं आणि रोजचं जगणं

- पर्यटक व्हिसावर काम किंवा धंदा करता येत नाही. राहण्याची परवानगी, बिझनेस लायसन्स, संचालकासाठी डायरेक्टर्स लायसन्स, हे सगळं आधी मिळवा. दुकानाचा करार त्यानंतर.
- कंपनी नोटरीकडून स्थापन होते. डच पद्धतीतला नोटरी म्हणजे शिक्का मारून देणारा नव्हे, तो कायदेतज्ज्ञ असतो. त्याची फी बजेटमध्ये धरा.
- जवळपास सगळा माल जहाजाने येतो. कंटेनर लांबला तर रॅक रिकामा. सीझनचा स्टॉक आधीच भरा.
- डच भागात वीज 110 व्होल्टची. भारतातला मिक्सर तिथे चालणार नाही.
- गंभीर आजारात पेशंटला बेटाबाहेर न्यावं लागू शकतं. आरोग्य विम्यात एअर ॲम्ब्युलन्स हवीच.
- घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे. तिथे सकाळचे आठ, तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेपाच. सप्लायरला फोन उठल्या उठल्या करा!

आजचा होमवर्क

स्वतःचे आकडे टाकून वरचं गणित करा. मग एकदा सप्टेंबरमध्ये बेट बघून या. ज्या महिन्यात फ्रंट स्ट्रीट रिकामी असते, त्या महिन्यातही तुमचं गणित टिकत असेल, तरच पुढचं पाऊल टाका.