चेहऱ्यावरचा उजेड आणि सावली

(चेहऱ्याचे छायाचित्र संगणकावर ठसठशीत कसे करतात आणि ते करताना कोणती काळजी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

तुम्ही तुमच्या आजोबांचा चेहरा कधी निरखून पाहिला आहे का? कपाळावर आठ्या, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, गालांवर सुरकुत्या. पुष्कळदा छायाचित्रात हे सारे पुसून टाकतात. चेहरा गुळगुळीत होतो, पण आजोबा ओळखू येत नाहीत!

पोलंड देशातील एक छायाचित्रकार याच्या अगदी उलट करतात. त्यांचे नाव आंजेय द्रागान. ते भौतिकशास्त्रज्ञही आहेत. त्यांच्या चित्रांत चेहऱ्यावरची प्रत्येक रेष कोरल्यासारखी दिसते. रंग फिके आणि मागची बाजू काळोखी असते. ही शैली आता त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हे कसे साधते? आपला डोळा उजेड आणि सावली पाहून खोली ओळखतो. सुरकुतीची खाच थोडी गडद केली आणि तिच्या शेजारचा उंचवटा थोडा उजळ केला, की ती अधिक खोल वाटते.

संगणक येण्यापूर्वीही छायाचित्रकार असेच करत. अंधाऱ्या खोलीत ते कागदावर चित्र उमटवत. जो भाग उजळ हवा, त्यावर काडीला लावलेली पुठ्ठ्याची चकती धरून उजेड अडवत. जो भाग गडद हवा, त्यावर हातांच्या फटीतून जास्त उजेड पाडत. फोटोशॉप हा प्रोग्रॅम १९९० साली बाजारात आला. त्यातील या दोन साधनांची चिन्हे म्हणजे तीच चकती आणि तोच हात!

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. गिंप हा प्रोग्रॅम मोफत मिळतो.

आजोबांना खिडकीजवळ बसवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. मागे गडद पडदा असावा. छायाचित्र संगणकावर घेतल्यावर आधी त्याची एक प्रत करा. मूळ चित्राला हात लावू नका. मग प्रतीतील रंग थोडे फिके करा. उजेड आणि काळोख यांतील फरक वाढवा. आता मुख्य काम. मऊ कडेचा ब्रश घ्या आणि त्याचा जोर अगदी कमी, सुमारे ५ ते १० टक्के ठेवा. खाचा गडद करा, उंचवटे उजळ करा. डोळ्यांतील चमक किंचित वाढवा. शेवटी चित्राच्या कडा काळोख्या करा. घाई करू नका. मधूनमधून मूळ चित्राशी तुलना करा. कातडी दगडासारखी दिसू लागली, तर समजा की हात जड झाला.

चित्र पूर्ण झाले, की ते सर्वांत आधी आजोबांनाच दाखवा. ते कदाचित विचारतील, "मी इतका थकलेला दिसतो का रे?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गडद सावल्यांमुळे हसरा माणूसही दुःखी वाटतो. पाहणाऱ्याला वाटते, याने आयुष्यभर फार सोसले. ते खरे असेल, नसेलही. म्हणून ज्याचा चेहरा आहे, त्याच्या परवानगीशिवाय असे चित्र कोणाला दाखवू नये. बातमीच्या आणि ओळखपत्राच्या छायाचित्रांवर तर हा प्रयोग मुळीच करू नये. चित्रात बदल केला असेल, तर तसे सांगावे.

रेष गडद करणे सोपे आहे. कोणती रेष खरी आहे, हे कळण्यासाठी मात्र आजोबांजवळ बसावे लागते.

शब्दार्थ

निरखणे – बारकाईने पाहणे
ठसठशीत – स्पष्ट उठून दिसणारे
खाच – खोलगट रेघ
सोसणे – सहन करणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपला डोळा खोली कशावरून ओळखतो?
(आ) मूळ चित्राची प्रत का करावी?

२. कारणे लिहा.
संगणकावर बदललेले चित्र सर्वांत आधी आजोबांना दाखवावे.

३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
उजेड, फिका, खरे, दुःखी

४. 'चेहरा' हा शब्द उर्दूत आणि मराठीत एकाच अर्थाने वापरतात. 'दादा' या शब्दाचा अर्थ मात्र दोन्ही भाषांत वेगळा आहे. तो फरक लिहा.

५. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्याचे वर्णन पाच वाक्यांत करा.