शंखी गोगलगायीचा प्रसार आणि आपले पहिले शील

२०२२ सालच्या जुलै महिन्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी नुकतेच उगवून आलेले सोयाबीन रातोरात फस्त केले. कित्येक शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली आणि अखेर शासनाला मदत जाहीर करावी लागली. सातारा जिल्ह्यातही सोयाबीन मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. तेव्हा मराठवाड्याचे संकट म्हणून आपण या विषयाकडे पाठ फिरवणे शहाणपणाचे नाही.

ही गोगलगाय आपल्या मातीतली नव्हे. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेचा किनारा. १८४७ साली बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणली व तेथील चौरंगी भागातल्या एका बागेत सोडली. तेथून ती देशभर पसरली. गोगलगायीची चाल सर्वांना ठाऊक आहे. ती स्वतःच्या पायाने कलकत्त्याहून लातूरला आली नाही. रोपांच्या पिशव्या, कुंड्यांतील माती, शेणखत, भाजीपाला, लाकूड आणि ट्रक यांच्याबरोबर माणसानेच तिला आणले.

समुद्रातही हेच घडते. माल उतरवून रिकामे झालेले जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते व ते दुसऱ्या बंदरात सोडते. त्या पाण्यातून शंख-शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले हजारो मैल जातात. जपानकडील रापाना नावाचा मांसाहारी सागरी शंख १९४० च्या दशकात काळ्या समुद्रात आढळला आणि त्याने तेथील कालवांचा फडशा पाडला. १९९८ मध्ये तो अमेरिकेच्या चेसापीक उपसागरातही सापडला. जहाजांच्या अशा पाण्यावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला, पण अमलात आला २०१७ मध्ये! असो.

शंखी गोगलगायीत नर-मादी असा भेद नसतो. एकाच जीवात दोन्ही अवयव असतात, त्यामुळे प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते. एका वेळी शंभर ते चारशे अंडी, आणि तेही वर्षातून अनेकदा. उन्हाळ्यात शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून ती जमिनीत स्वस्थ पडून राहते व पहिल्या पावसाबरोबर बाहेर येते. १९६६ मध्ये अमेरिकेतील मायामी शहरात एका मुलाने हवाई बेटांवरून फक्त तीन गोगलगायी आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत तेथे अठरा हजारांहून अधिक झाल्या. त्यांचा नायनाट करण्यास सुमारे दहा वर्षे व दहा लाख डॉलर लागले. बँकेत बसून रोज चक्रवाढ व्याजाचा हिशेब करणाऱ्या आम्हा लोकांनाही असा दर पाहायला मिळत नाही.

आता आपल्या समाजबांधवांना पडणारा प्रश्न. या गोगलगायी बाहेर पडतात त्या नेमक्या वर्षावासात. भिक्खूंच्या पायाखाली कोवळे गवत, पिके आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घातला, असे विनयात सांगितले आहे. मग सकाळी विहारात पंचशील घ्यायचे आणि संध्याकाळी मिठाच्या पाण्यात गोगलगायी बुडवायच्या, हे कसे? प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्याच्या घरचे वर्षाचे धान्य जाते त्याची गरज खरी आहे, असे माझे मत आहे. मात्र गरज किती, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासले पाहिजे. पोरांनी गंमत म्हणून गोगलगायीवर मीठ टाकून तिची तडफड पाहणे ही गरज नव्हे.

शिवाय उतावीळपणे केलेला उपाय कसा अंगलट येतो हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. या गोगलगायीला खाण्यासाठी १९५५ मध्ये हवाई बेटांवर एक शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली. १९७७ मध्ये तोच प्रयोग ताहितीजवळील मोरिया बेटावर झाला. शिकारी गोगलगायीने परकी सोडून तेथील मूळच्या लहान गोगलगायीच खाल्ल्या. दहा-अकरा वर्षांत मोरियावरील त्या मूळ जाती रानातून नाहीशा झाल्या.

प्रत्येक दुःखाला कारण असते, ही आपल्या धम्माची शिकवण. येथे कारण आहे मालाची न पाहता केलेली ने-आण. खंबाटकी घाटातून रात्रंदिवस सगळ्या मुलखाचा माल जातो-येतो. बाहेरून आणलेली रोपे, माती व शेणखत उजेडात तपासून घ्यावे. मातीत साबुदाण्यासारखी पिवळसर पांढरी अंडी दिसली तर ती तेथेच नष्ट करावीत. एवढे केल्यास पुढे मारावे लागणारे हजारो जीव जन्मालाच येत नाहीत.

शेतात गोगलगायी आल्याच तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली बारदाने बांधाकडेने ठेवावीत. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात व बादलीतील मिठाच्या अथवा साबणाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. हे काम एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही, शेजारच्या बांधावरून त्या पुन्हा येतात. मीठ शेतात पसरू नये, जमीन खराब होते. मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या कुत्री, गुरे व पक्षी यांनाही घातक आहेत, म्हणून त्या कृषी सहायकांना विचारूनच वापराव्यात. उघड्या हाताने गोगलगायी धरू नयेत, कारण त्यांच्यातील एका जंतामुळे माणसाला मेंदूज्वर होऊ शकतो. शाळकरी मुलांना या कामाला लावू नये आणि शेतातील पालेभाजी धुतल्याशिवाय खाऊ नये.