आजचं चिंतन : दान कुठे पोचतं? (गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२)



आजच्या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. कर्तव्य म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, देश, काल आणि पात्र पाहून दिलेलं ते सात्त्विक. फळासाठी किंवा कुरकुरत दिलेलं राजस. अयोग्य ठिकाणी, अयोग्य वेळी, अपात्राला किंवा अवहेलनेनं दिलेलं तामस.

‘पात्र’ हा शब्द मी बरीच वर्षं नुसताच वाचत होतो. तो कळला काठमांडूत.

आई-बाबांना पशुपतिनाथाच्या दर्शनाला घेऊन गेलो होतो. लॉजवर एकाने जवळच्या अनाथाश्रमाबद्दल सांगितलं. गेलो. मुलांनी भजन म्हटलं, आईचे डोळे भरून आले. मी पाच हजार रुपये दिले, फोटो काढला. निघताना एका मुलाला हिंदीत सहज विचारलं, “गाव कुठलं रे?” तो म्हणाला, “हुम्ला. आई तिकडेच आहे.”

आई आहे? मग हा अनाथ कसा?

परत आल्यावर वाचत बसलो. हुम्ला हा कर्णाली प्रांतातला दुर्गम जिल्हा. आपले कैलास-मानसरोवरचे यात्रेकरू नेपाळगंजहून सिमीकोट, हिल्सामार्गे जातात, तोच. शेती जेमतेम, चांगली शाळा लांब. १९९६ ते २००६ च्या यादवीत दलाल गावोगाव फिरले. ‘शहरात शिकवतो’ म्हणत आईबापांकडूनच पैसे घेऊन मुलं घेऊन गेले. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, हयात आहेत. आणि बरीचशी बालगृहं आहेत कुठे? काठमांडू, पोखरा, चितवन. म्हणजे जिथे आपण पर्यटक जातो तिथे!

आमच्या भाषेत सांगायचं तर मी बग फिक्स केला नव्हता, त्यालाच सर्व्हर पुरवत होतो. देणगी मुलं दाखवून मिळते. मग मुलं आणली जातात.

सगळी बालगृहं अशी नसतात. गरिबीही खोटी नाही. नेपाळमध्ये पाच वर्षांखालची वाढ खुंटलेली मुलं २०१६ मध्ये ३६ टक्के होती, २०२२ मध्ये २५ टक्के. सुधारणा आहे, तरी चारातलं एक मूल! पण त्या मुलाला हवं आहे गावातच पोटभर जेवण, शाळा आणि आई. नेपाळचा २०१८ चा बालकायदाही संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानतो.

माझ्या दानात परतफेडीची आशा नव्हती असं मला वाटत होतं. पण तो फोटो, ते समाधान, ती परतफेडच होती ना? आणि पात्र तर मी पाहिलंच नव्हतं.

आजचा संकल्प : देण्याआधी एक प्रश्न विचारायचा. या पैशाने मूल आईच्या जवळ जाईल की लांब?

हात आखडू नका हं. फक्त डोळे उघडे ठेवून द्या.

श्रीकृष्णार्पणमस्तु.