ध्वनिमुद्रक मिक्सरला कसा जोडावा

शिमगा आला कीं नाटे व आसपासच्या राजापूर तालुक्यांत नमन-खेळ्यांचा मृदंग घुमूं लागतो. हीं गाणीं मुखपरंपरेनें चालत आलेलीं आहेत. जाणता गाणारा गेला कीं त्याची चालही जाते. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकीं कित्येक आज गाणाऱ्या स्त्रियांच्याच आवाजांत ऐकावयास मिळतात, कारण त्या वेळींच मुद्रित झाल्या. खिशांत मावणारा ध्वनिमुद्रक खेळाच्या मिक्सरला जोडून आपणांसही असें काम करतां येईल. परंतु त्यासाठीं जोडणीचें शास्त्र जाणलें पाहिजे.

प्रथम विजेचें मान पाहूं. मायक्रोफोनमधून निघणारी वीज फार क्षीण, एका व्होल्टचे कांहीं सहस्रांश, असते. मिक्सर ती वाढवून एका व्होल्टच्या आसपास आणतो. ॲम्प्लिफायर तिला आणखी बळ देऊन कर्ण्याकडे पाठवितो. सभांसाठीं वापरल्या जाणाऱ्या कांहीं ॲम्प्लिफायरांत हें मान १०० व्होल्टपर्यंत जातें. यावरून पहिला नियम निघतो: ध्वनिमुद्रक मिक्सरला जोडावा, कर्ण्याच्या तारांस कधींही जोडूं नये. त्यानें यंत्र जळेल.

मिक्सरवर ‘रेक आउट’ किंवा ‘टेप आउट’ असें लिहिलेली जागा असल्यास ती घ्यावी. ध्वनिमुद्रकावर ‘माइक’ व ‘लाइन’ अशा दोन जागा असतील, तर ‘लाइन’ निवडावी. ‘माइक’च्या जागेंत मिक्सरचा आवाज सोडणें म्हणजे पेल्यांत पाटाचें पाणी सोडणें होय. आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवतां येत नाहीं. दुसरी जागाच नसेल, तर आवाजाचें मान उतरविणारी वायर मधें लावावी.

मिक्सरच्या माइकच्या जागेंतून ४८ व्होल्टची वीज बाहेर येऊं शकते. तिला ‘फँटम’ म्हणतात. त्या जागेंत ध्वनिमुद्रकाची पिन घालूं नये. मोठ्या ध्वनिमुद्रकांत हीच सोय असते. तेथें ती आधीं बंद करावी.

आणखी एक गोष्ट. मिक्सरच्या तीन टोकांच्या जागेंतून एकच आवाज दोन तारांवर परस्परविरुद्ध येतो. त्या तारा स्टीरिओ पिनेच्या डाव्या-उजव्या बाजूंस जोडल्या, तर एकाच कर्ण्याच्या मोबाइलवर दोन्ही बाजू एकमेकींस खोडतात व गाणें जवळजवळ नाहींसें होतें. हेडफोननें ऐकतांना हा दोष सहज ध्यानांत येत नाहीं, म्हणून वायर जाणत्याकडून आधींच तपासून घ्यावी.

प्रत्यक्ष जोडणी खेळापूर्वीं, मिक्सर चालविणाऱ्याच्या संमतीनें करावी. ज्या जागेंतून आवाज घ्यावयाचा तिचा आवाज उतरवून मग पिन घालावी व तो हळूहळू वाढवावा. ध्वनिमुद्रक बॅटरीवर चालवावा. चार्जर लावल्यास पुष्कळदां घरगुती विजेची ५० आवर्तनांची घरघर गाण्यांत शिरते. मोठ्यांत मोठा आवाज शून्याखालीं १२ डेसिबलपाशीं राहील असें मान ठेवावें, कारण रंगांत आलेला गाणारा चांचणीपेक्षां मोठ्यानेंच गातो. खाऱ्या हवेनें पिना गंजतात; त्या कोरड्या फडक्यानें पुसून ठेवाव्या. शेवटीं दोन मिनिटें मुद्रण करून ऐकावें.

इतकें केल्यावरही मिक्सर फक्त मायक्रोफोनपुढचेंच ऐकतो, हें विसरूं नये. मृदंगापुढें मायक्रोफोन नसेल, तर गाणें स्पष्ट येईल, पण ठेका दुबळा पडेल आणि प्रेक्षकांचा हुंकार मुळींच येणार नाहीं. यास्तव दुसरा ध्वनिमुद्रक प्रेक्षकांत ठेवावा व दोन्ही मुद्रणें पुढें जुळवावीं.

मुद्रणापूर्वीं गाणाऱ्यांची अनुज्ञा घ्यावी आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरीं पोंचवावी. आवाज त्यांचा आहे. आपण केवळ तो जपणारे.