झाड आणि मुंगी

(मुंग्या आणि झाडे यांचा संबंध फार जुना आहे. दोघांमध्ये कोणती देवघेव चालते आणि ती ओळखल्याने आपला काय फायदा होतो, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, माझे गाव टेंभुर्णी. ते जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात आहे. टेंभुर्णी नावाची गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत, कारण टेंभुर्णी हे एका झाडाचे नाव आहे. उर्दूत तुम्ही त्याला तेंदू म्हणता. त्याच्या पानांच्या विड्या वळतात. त्याची पिवळी, गोड फळे मुले आवडीने खातात.

हे झाड मुळात जंगलातले. साग, पळस, धावडा, खैर हे त्याचे सोबती. उन्हाळ्यात ही झाडे पाने गाळतात आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवी होतात. असे जंगल तुम्हाला अजिंठ्याच्या डोंगररांगेत, गौताळा अभयारण्यात पाहायला मिळेल. आमच्या गावाभोवती मात्र शेते आहेत. रानातली झाडे उरली ती बांधावर, आणि त्यांच्याबरोबर रानातल्या मुंग्याही बांधावर राहिल्या.

मागच्या पावसाळ्यात मी नववीच्या मुलांना घेऊन शेतात गेलो होतो. एक मुलगा कपाशीजवळ थांबला आणि म्हणाला, "सर, आमच्या कपाशीला मुंग्या लागल्या. अब्बांना सांगून पावडर टाकावी लागेल."

मी म्हणालो, "बेटा, आधी एक पान उलटून पाहा. मुंग्या काय खातात ते मला सांग."

त्याने पान उलटले. पानाच्या मधल्या शिरेवर एक बारीक खळगा होता. त्यात पाण्यासारखा थेंब चमकत होता. मुंग्या पान कुरतडत नव्हत्या. त्या तो थेंब पीत होत्या.

फुलात मध असतो, हे तुम्हाला माहीत आहे. तो मधमाश्यांना आणि फुलपाखरांना बोलावतो. पण काही झाडे फुलाच्या बाहेरही गोड रस तयार करतात. ज्या ठिकाणी हा रस पाझरतो, तिला मधुग्रंथी म्हणतात. कपाशीच्या पानामागे ती असते. एरंडाचे देठ पानाला मिळते तेथे बारीक फुगीर गाठी दिसतात, त्या मधुग्रंथीच होत. तरवडाच्या पानात समोरासमोरच्या पानोळ्यांमध्ये त्या असतात. बाभळीच्या पानाच्या देठावरही त्या सापडतात.

आता प्रश्न असा, की जेथे फूल नाही तेथे झाड साखर का वाटते? झाडाला चालता येत नाही. अळी पान खायला आली, तर ते पळू शकत नाही. म्हणून ते पहारेकरी ठेवते. गोड रसासाठी मुंग्या दिवसभर पानांवर फिरतात. फिरताना अळी दिसली, की तिला चावून हुसकावून लावतात. किडींची अंडी उचलून नेतात. झाडाने दिलेला रस हा या पहाऱ्याचा पगार आहे.

ही नुसती कल्पना नाही. मेक्सिकोच्या उष्ण प्रदेशात बाभळीच्या जातीचे एक झुडूप आहे. त्याचे काटे बैलाच्या शिंगांसारखे फुगीर आणि आतून पोकळ असतात. त्या काट्यांत मुंग्या घर करतात. डॅनियल जॅन्झन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात काही झुडपांवरच्या मुंग्या काढून टाकल्या आणि काय होते ते पाहिले. मुंग्या गेलेली झुडपे किडींनी खाल्ली. आजूबाजूच्या वेलींनी त्यांना झाकून टाकले. मुंग्या असलेली झुडपे मात्र जोमाने वाढली. आपल्या बाभळीच्या काट्यात मुंग्यांची अशी वसाहत नसते, पण रस देऊन मुंग्यांना बोलावण्याची रीत तिलाही ठाऊक आहे.

आपल्या सह्याद्रीतील दाट जंगलात मुंग्या झाडावरच घर बांधतात. काही काळ्या मुंग्या झाडाचा चोथा चावून फांदीवर फुटबॉलएवढे गोल घरटे करतात. त्याचे थर कौलांसारखे एकावर एक असतात. त्यामुळे पावसाचे पाणी ओघळून जाते. कोकणात आणि गोव्यात हुमले नावाच्या लाल मुंग्या असतात. त्या रांगेत उभ्या राहून दोन पाने जवळ ओढतात. मग इतर मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात. त्या अळ्यांच्या रेशमी धाग्याने पाने शिवली जातात. चीनमधील शेतकरी सुमारे 1700 वर्षांपासून अशाच मुंग्या संत्र्याच्या बागांत किडी मारण्यासाठी ठेवत आले आहेत.

मुंगी झाडाचे रक्षण करते, तशी ती बीही पेरते. एरंडाच्या बीच्या एका टोकाला मऊ, पांढरट गाठ असते. तिच्यात तेल असते. मुंग्या बी ओढत वारुळाकडे नेतात, गाठ तेवढी खातात आणि बी टाकून देतात. वारुळाजवळची माती भुसभुशीत असते. तेथे बीला कोंब फुटतो. (एरंडाची बी विषारी असते. ती कधीही तोंडात घालू नका.)

गवताच्या बियांची एक जुनी गोष्ट पुण्याची आहे. 1829 साली विल्यम हेन्री साइक्स नावाचे लष्करी अधिकारी पुण्यात होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला एके सकाळी फिरताना त्यांना जमिनीवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. त्यांनी वाकून पाहिले. शेकडो मुंग्या बिळातून बिया वर आणत होत्या. पावसाने कोठार भिजले होते, म्हणून ऊन पडताच त्यांनी धान्य वाळत घातले होते! साइक्स यांनी 1835 मध्ये या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला 'पुढचा विचार करणारी' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. अशा मुंग्या बऱ्याच बिया खातात हे खरे, पण वाटेत सांडलेल्या आणि खायच्या राहिलेल्या बियांतून नवे गवत उगवते.

शिवाय मुंग्यांच्या बिळांमुळे जमिनीत हवा खेळते आणि पावसाचे पाणी आत मुरते. मराठवाड्यासारख्या कमी पावसाच्या भागात ही गोष्ट लहान नाही.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंगी झाडाची नोकर नाही. जिकडे गोड, तिकडे ती. मावा नावाची कीड झाडाचा रस शोषते आणि अंगातून गोड द्रव टाकते. तो मिळतो म्हणून मुंग्या माव्याचेही रक्षण करतात. अशा वेळी झाडाचे नुकसान होते. तसेच, वाळवीला पुष्कळ लोक पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नाही. ती झुरळाच्या कुळातली आहे. म्हणून मुंगी दिसली, की ती चांगली किंवा वाईट असे एकदम ठरवू नये. ती तेथे काय करते आहे, ते आधी पाहावे.

त्या मुलाने हेच केले. घरी जाऊन त्याने वडिलांना पान उलटून दाखवले. दोघे मिळून शेतात फिरले. चार-पाच झाडांच्या शेंड्यांवर मावा सापडला. तेवढे शेंडे त्यांनी खुडून टाकले. बाकी शेतात पावडर टाकली नाही. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "सर, अब्बा म्हणाले, इतकी वर्षे कपाशी लावली, पण पान उलटून कधी पाहिले नव्हते."

मुलांनो, कुरआन शरीफमधील 'नम्ल', म्हणजे मुंगी, या नावाची सूरह तुम्हाला माहीत आहे. हजरत सुलैमान यांचे सैन्य येताना पाहून त्या मुंगीला कसली भीती वाटली? सैन्य आपल्याला नकळत तुडवील, याची. आजही मुंग्या बहुधा अशाच नकळत मरतात. बांध नांगरून टाकताना, पालापाचोळा जाळताना, औषध फवारताना आपले तिकडे लक्ष नसते. जगात मुंग्यांच्या 14,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. तुमच्या बांधावर त्यांतल्या किती आहेत? उद्या शाळेत येताना थोडे वाकून पाहा.

शब्दार्थ

देवघेव – देणे आणि घेणे
बांध – दोन शेतांमधील मातीची उंच कड
पाझरणे – हळूहळू बाहेर येणे
पानोळी – संयुक्त पानाचा एक लहान भाग
चोथा – चावून उरलेला भाग
वारूळ – मुंग्यांचे मातीतील घर
कोठार – धान्य साठवण्याची जागा
भुसभुशीत – मऊ आणि मोकळी (माती)

स्वाध्याय

प्रश्न 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टेंभुर्णीच्या झाडाला उर्दूत काय म्हणतात?
(आ) कपाशीच्या पानाची मधुग्रंथी कोठे असते?
(इ) साइक्स यांना पुण्यात कशाचे ढीग दिसले?

प्रश्न 2. कारणे लिहा.
(अ) झाड मुंग्यांना गोड रस देते.
(आ) मुंग्यांनी बिया उन्हात आणल्या.
(इ) मुंग्या माव्याचे रक्षण करतात.

प्रश्न 3. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
'मुंगी झाडाची नोकर नाही,' असे लेखक का म्हणतात?

प्रश्न 4. वाक्यांत उपयोग करा.
हुसकावून लावणे, लक्षात ठेवणे, कोंब फुटणे.

उपक्रम : एरंड, तरवड, बाभूळ किंवा कपाशी यांपैकी एका झाडाचे दहा मिनिटे निरीक्षण करा. मुंग्या कोठे थांबतात आणि काय करतात, ते मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.